हवेतील धूळ नेमकी कोणाची?

डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या थंड सकाळी बुलढाण्याहून मलकापूरकडे निघावे, राजूर घाटाच्या माथ्यावर क्षणभर थांबावे आणि खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहावे. घाटावर स्वच्छ ऊन पडलेले असते. घाटाखाली मात्र अनेकदा जमिनीलगत करड्या रंगाचा एक पातळ थर पसरलेला दिसतो. त्याला आपण सहजपणे धुके म्हणतो. परंतु दहा-अकरा वाजले, ऊन तापले तरी हा थर विरत नसेल, तर ते केवळ धुके नव्हे. हवेत तरंगणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा तो थर असतो आणि खामगाव, नांदुरा, मलकापूर येथील माणसे दिवसभर त्याच हवेत श्वास घेत असतात.

हे कण आले कोठून, असे विचारले की प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते. कोणी महामार्गावरील ट्रककडे बोट दाखवतो, कोणी गिट्टीच्या खदानींकडे, कोणी वीटभट्ट्यांकडे. शहरातील माणूस शेतात पेटवलेल्या धुऱ्यांना दोष देतो, तर शेतकरी शहराबाहेर रात्रंदिवस धुमसणाऱ्या कचऱ्याच्या ढिगाकडे पाहतो. गंमत अशी की यांतील कोणीही सर्वस्वी चूक नसतो. प्रश्न दोषी कोण एवढाच नसून कोणाचा वाटा किती, हा आहे. आणि हा प्रश्न अंदाजाने सुटणारा नाही.

मोजमाप आणि निदान

हवेचे प्रदूषण मोजणारे यंत्र आपल्याला एक आकडा देते: एक घनमीटर हवेत अमुक इतके मायक्रोग्रॅम कण. हा आकडा तापमापकाच्या पाऱ्यासारखा असतो. ताप १०३ आहे हे पारा सांगतो. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे सांगत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागते. हवेच्या बाबतीत ही तपासणी म्हणजे प्रदूषणाच्या स्रोतांची हिस्सेवारी ठरवणारा अभ्यास. शास्त्रज्ञ त्याला ‘सोर्स अपोर्शनमेंट’ म्हणतात.

या तपासणीकडे वळण्यापूर्वी कणांच्या आकाराविषयी थोडे जाणून घेणे आवश्यक आहे. ज्या कणांचा व्यास १० मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो त्यांना ‘पीएम १०’ आणि २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. रस्त्यावरून उडणारी माती, खडीचा चुरा, सिमेंटची भुकटी यांचे कण बहुधा जाड असतात; त्यांतील बरेचसे नाकात आणि घशात अडकतात. याउलट डिझेलचा धूर, चुलीचा धूर, कोळशाच्या ज्वलनातून निघणारे वायू यांपासून तयार होणारे कण अत्यंत बारीक असतात. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी असलेला त्यांचा संबंध आज वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे.

येथे एक साधे गणित लक्षात ठेवावे. समान घनतेच्या १० मायक्रॉन व्यासाच्या एका कणाचे वजन १ मायक्रॉन व्यासाच्या एक हजार कणांइतके असते. हवेतील कण आपण वजनाने मोजतो. त्यामुळे थोडीशी धूळ उडाली तरी यंत्रावरचा ‘पीएम १०’चा आकडा झपाट्याने चढतो, धुराचे कोट्यवधी घातक कण मात्र तराजूवर फारसे जाणवत नाहीत. भारताने नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केलेल्या मानकांनुसार वार्षिक सरासरीची मर्यादा पीएम १० साठी ६० आणि पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ इतक्या कडक आहेत.

दोन वाटा

स्रोत शोधण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत. पहिली वाट उगमापासून निघते. शहराच्या नकाशावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत वाहने किती धावतात, भट्ट्या किती, हॉटेलांत कोळसा किती जळतो, किती घरांत लाकूडफाटा वापरला जातो, रस्ते किती लांबीचे आणि किती कच्चे आहेत, याची मोजदाद करायची. प्रत्येक कामातून किती कण बाहेर पडतात याचे ठरलेले गुणांक असतात. त्यांनी गुणले की प्रत्येकाची बेरीज हाती येते. याला उत्सर्जन सूची म्हणतात.

दुसरी वाट नेमकी उलट दिशेने जाते. ती श्वास घेणाऱ्या माणसापासून सुरू होते. वस्तीत एखाद्या इमारतीच्या गच्चीवर पंप ठेवून ठरावीक हवा एका गाळण कागदातून ओढून घेतात. चोवीस तासांत त्या कागदावर जमलेली काळपट पूड अत्यंत संवेदनशील तराजूवर तोलली जाते आणि मग प्रयोगशाळेत तिची रासायनिक झडती घेतली जाते. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातू आणि मूलद्रव्ये, पाण्यात विरघळवून क्षार, तर क्रमाक्रमाने तापवून कार्बनचे प्रकार ओळखले जातात.

ही झडती उपयोगी पडते, कारण जवळजवळ प्रत्येक स्रोत आपली खूण मागे ठेवून जातो. मातीच्या धुळीत सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम असते. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असल्याने तिच्यात लोह आणि टायटॅनियमही भरपूर सापडते. बांधकामाच्या धुळीत कॅल्शियम ठळक असते. लाकूड, पऱ्हाटी किंवा काडीकचरा जळला की त्यातील सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाची शर्करा तयार होते. डिझेलपासून ती कधीच होत नाही. वाहनांच्या धुरात वंगण तेलातून आलेली होपेन नावाची संयुगे असतात, तर ब्रेक आणि टायर यांच्या झिजेतून तांबे, अँटिमनी व जस्त येते. जहाजांच्या जड तेलाची खूण व्हॅनेडियम, समुद्राची खूण सोडियम. सूक्ष्मदर्शकाखालीही फरक उघड होतो. मातीचा कण ओबडधोबड असतो, औष्णिक वीज केंद्राची राख काचेच्या गोल मण्यांसारखी दिसते आणि काजळी म्हणजे बारीक मण्यांच्या लगडलेल्या माळा असतात. या खुणा काळानुसार बदलतातही. एके काळी वाहनांचा धूर शिशावरून ओळखला जाई. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि वाहनांची ती खूण जवळजवळ पुसली गेली.

लगडीतून दागिने ओळखण्याची रीत

खुणा सापडल्या तरी वाटा कसा ठरवायचा? चांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावकरांना हे गणित परके वाटू नये. समजा, दोन प्रकारचे दागिने एकत्र वितळवून एक लगड तयार केली. पहिल्या प्रकारात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे आहे. दुसऱ्यात ७० टक्के चांदी आणि ३० टक्के तांबे. लगडीचा कस काढला तेव्हा तिच्यात ८५ टक्के चांदी निघाली. दागिने तर आता वितळून गेले आहेत. तरीही लगडीचा तीन-चतुर्थांश भाग पहिल्या प्रकारचा आणि एक-चतुर्थांश दुसऱ्या प्रकारचा होता, हे कागदावर काढता येते.

गाळण कागदावरची पूड म्हणजे अशीच एक लगड. फरक इतकाच की येथे दागिने दोन नसून आठ-दहा असतात आणि चांदी-तांब्याऐवजी तीस-चाळीस घटक मोजलेले असतात. या पद्धतीला ‘केमिकल मास बॅलन्स’ म्हणतात. तिची अट एकच: प्रत्येक दागिन्याचा कस आधी ठाऊक हवा. अमेरिकेतील लाकडाच्या शेगडीचा धूर आणि आपल्याकडील चुलीचा धूर एक नसतो. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई आणि कानपूर या सहा शहरांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा भारतीय स्रोतांचे कस आधी तयार करण्यात आले. वाहनांचे काम पुण्याच्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन’ने आणि इतर स्रोतांचे काम आयआयटी मुंबईने केले. प्रत्यक्ष शहरांच्या अभ्यासात पुण्याची जबाबदारी याच असोसिएशनकडे, तर मुंबईची जबाबदारी नागपूरच्या ‘नीरी’कडे होती.

सिंहगडावरील काजळी

या विद्येचे एक लखलखीत उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. दक्षिण आशियावर हिवाळ्यात पसरणाऱ्या तपकिरी ढगातील काजळी कोणाची, याविषयी शास्त्रज्ञांत मोठा मतभेद होता. उत्सर्जन सूचीवर भिस्त ठेवणारे चुलींसारख्या जैविक इंधनाच्या ज्वलनाला प्रमुख कारण मानत. हवेतील कणांच्या रसायनांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र कोळसा व तेल यांचे ज्वलन अधिक महत्त्वाचे वाटे. स्टॉकहोम विद्यापीठातील ओर्यान गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीव बेटांवर हवेतील कण गोळा केले आणि त्यांतील कार्बनचे वय मोजले.

युक्ती सोपी होती. जिवंत झाडांमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन अत्यल्प प्रमाणात असतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेले असल्याने त्यांच्यात तो मुळीच उरलेला नसतो. म्हणजे काजळीत कार्बन-१४ सापडला तर ती लाकूड, शेण, काडीकचरा यांची. नाही सापडला तर डिझेल-कोळशाची. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काजळी वेगळी करण्याची जी पद्धत वापरावी त्याप्रमाणे, तिच्यातील ४६ ते ६८ टक्के वाटा जैविक इंधनाचा निघाला. चूल आणि शेतातील आग यांच्याकडे दुर्लक्ष करून हा ढग हटणार नाही आणि केवळ त्यांनाच दोष देऊनही हटणार नाही, असे या आकड्यांनी सांगितले.

आकार बदलला की आरोपी बदलतो

सहा शहरांच्या अभ्यासाचा राष्ट्रीय अहवाल २०१० नंतर उपलब्ध झाला. पुण्याच्या उत्सर्जन सूचीत पीएम १० च्या भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा असल्याचे दिसले. मात्र पीएम १० कडून पीएम २.५ कडे वळले की चित्र पालटते. धुळीचे महत्त्व घटते आणि वाहने, इंधनाचे ज्वलन, तसेच हवेतच तयार होणारे कण पुढे येतात.

आयआयटी कानपूरने दिल्लीसाठी केलेल्या आणि २०१६ मध्ये सादर झालेल्या अभ्यासाने हा मुद्दा अधिक स्पष्ट केला. दिल्लीच्या उत्सर्जन सूचीत पीएम २.५ मध्ये रस्त्यावरील धूळ ३८ टक्के आणि वाहने २० टक्के होती. परंतु हिवाळ्यात प्रत्यक्ष गाळण कागदावर जमलेल्या पीएम २.५ ची झडती घेतली तेव्हा सुमारे ३० टक्के हवेत तयार झालेले कण, २५ टक्के वाहने आणि २६ टक्के लाकूड-काडीकचऱ्याचा धूर निघाला. धूळ मागे पडली. उन्हाळ्यात पुन्हा वेगळाच क्रम आढळला: माती व रस्त्यावरील धूळ आणि कोळसा व राख हे प्रत्येकी एक-चतुर्थांशाच्या आसपास. शहर तेच, हवा तीच. पण कणाचा आकार, ऋतू आणि मोजण्याची वाट बदलली की आरोपींचा क्रम बदलला.

हवेत तयार होणारे कण ही या कथेतील सर्वांत फसवी गोष्ट आहे. ते कोणत्याही धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडतच नाहीत. कोळशातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड, इंजिनांतून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि युरिया व शेणखतापासून अमोनिया वायू निघतो. वाऱ्याबरोबर जाताना त्यांच्या संयोगाने सल्फेट व नायट्रेटचे बारीक कण बनतात. त्यांचा उगम शेकडो किलोमीटर दूर असू शकतो. नगरपालिकेने स्वतःच्या हद्दीत कितीही झाडलोट केली तरी हे कण तिच्या हाती लागत नाहीत.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोन दागिन्यांचा कस सारखाच असेल तर लगडीवरून त्यांचा वाटा काढता येत नाही. शेतातून उडालेली काळी माती आणि तीच माती ट्रकच्या चाकांनी रस्त्यावरून उडवलेली असेल, तर रसायनशास्त्राला दोहोंत भेद करता येत नाही. ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटर यांची डिझेल काजळीही जवळजवळ एकसारखी. अशा ठिकाणी वाऱ्याची दिशा, दिवसातील वेळ आणि उत्सर्जन सूची यांची साथ घ्यावी लागते. दोन्ही वाटांनी जाऊन त्या जेथे एकमेकींना भेटतात, तेथेच उत्तर विश्वासार्ह ठरते.

निदानाविना औषध

हा सारा खटाटोप केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलासाठी नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात प्रारंभी १०२ शहरे होती, पुढे ती १३१ झाली. आधी २० ते ३० टक्के आणि नंतर २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट असे उद्दिष्ट ठरले. शहरांची कामगिरी आणि त्यावर मिळणारा निधी मात्र प्रामुख्याने पीएम १० च्या आकड्याशी जोडला गेला. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने २०२४ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार निधीपैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यांची फरसबंदी, खड्डे बुजवणे, पाण्याची फवारणी अशा धुळीच्या कामांवर खर्च झाली. लाकूड-काडीकचऱ्याच्या ज्वलनावर १४.५१ टक्के, वाहनांवर १२.६३ टक्के आणि उद्योगांवर अवघे ०.६१ टक्के.

रस्ते दुरुस्त करू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाण्याचा टँकर फिरला, जाड धूळ खाली बसली, यंत्रावरचा आकडा उतरला आणि फुप्फुसात जाणारा बारीक धूर मात्र तसाच राहिला, असे घडू शकते. आकडा सुधारला पण माणूस सुधारला नाही, ही निदानाविना दिलेल्या औषधाची किंमत आहे.

बुलढाण्याने काय शोधावे?

या कार्यक्रमाच्या यादीत आपले शेजारी अकोला, जळगाव आणि जालना आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील एकही शहर नाही. याचा अर्थ येथील हवा शुद्ध आहे असा होत नाही. जेथे वर्षानुवर्षे मोजमाप झाले आणि मर्यादा ओलांडल्याचे नोंदले गेले, तीच शहरे मुख्यतः यादीत आली. जेथे तापमापकच लावला नाही, तेथे ताप कसा नोंदला जाणार?

आपल्या जिल्ह्यातील संशयितांची यादी मोठ्या शहरांपेक्षा वेगळी आहे. कोलकाता-सुरत महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, खामगाव, नांदुरा, मलकापुरातून जातो. मेहकर-सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. कच्च्या साइडपट्ट्या, खडी आणि मुरूम वाहणारे हायवा, हंगामात वखरणीने उडणारी काळी माती हे जाड कणांचे उगम. जिनिंगमधील रुईचे तंतूही याच गटातले. कामगारांच्या दृष्टीने ते गंभीर असले तरी ते फार दूर जात नाहीत. बारीक कणांसाठी पाहायचे ते ट्रक आणि जनरेटर, वीटभट्ट्या, जळणारा कचरा, घराघरांत चुलीत जाणाऱ्या पऱ्हाट्या व तुराट्या आणि शेतात पेटवलेले कुटार व धुरे. शिवाय पूर्वेला शेगावच्या पुढे पारसचे औष्णिक वीज केंद्र आणि पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचे. वारा कोणत्या दिशेचा आहे यावर कोणाचा धूर आपल्याकडे येईल हे ठरते.

यात भूगोलाची भर पडते. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खोऱ्यात साचते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. घाटाखाली दिसणारा तो करडा थर म्हणजे हेच झाकलेले पातेले. म्हणून घाटावरचे बुलढाणा, चिखली आणि घाटाखालचे खामगाव, मलकापूर यांचे निदान एकाच मोजमापाने करणे योग्य ठरणार नाही.

अशा तपासणीसाठी महानगराचे अंदाजपत्रक लागते असे नाही. घाटावर एक आणि घाटाखाली दोन ठिकाणी उन्हाळ्यात व हिवाळ्यात काही आठवडे नमुने घ्यावेत. विश्लेषणासाठी ‘नीरी’ विदर्भातच आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने राज्यातील इतर शहरांसाठी असे अभ्यास करून घेतले आहेत. त्यामुळे वाट नवी नाही. भट्ट्या, खदानी, कारखाने यांच्या नोंदी शासनाच्या दप्तरी असतातच. शेतातील आगींची उपग्रहांनी टिपलेली ठिकाणे रोजच्या रोज विनामूल्य पाहता येतात. वाहनांची मोजणी आणि चुलींची पाहणी तर महाविद्यालयीन विद्यार्थीही करू शकतील.

उत्तर कोणाच्या सोयीचे निघेल हे आधी सांगता येणार नाही, आणि तेच या अभ्यासाचे मोल आहे. कदाचित पाण्याच्या टँकरपेक्षा घरातील चुलीला पर्याय देणे अधिक उपयोगी ठरेल. कदाचित कचऱ्याचा एक ढीग विझवणे शंभर वृक्षारोपणांहून श्रेयस्कर ठरेल. कदाचित पालिकेने आपल्या हद्दीबाहेरच्या धुराड्याविषयी दाद मागायला हवी, असे दिसेल. शेतकऱ्याने शहराकडे आणि शहराने शेतकऱ्याकडे बोट दाखवण्यात आजवर बरेच हिवाळे गेले. पुढच्या हिवाळ्यात राजूर घाटातून खाली पाहताना तो थर दिसेलच. तो कोणाकडून किती आला, हे सांगणारा गाळण कागद तरी तोवर कोणीतरी गच्चीवर ठेवलेला असावा.